मुलाखतीपायी केलेला दावा

माझ्या धाकट्या भावाला मुंबईच्या एका मोठ्या सॉलिसिटरच्या पेढीत शिरायचं होतं, आणि त्यासाठी मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यावर दावा लावायला निघालो. गोष्ट एवढीच आहे. आमच्या कोळीवाड्यातले लोक ती वेगळी सांगतात. कुणी म्हणतं तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या मला, हाव सुटली, कुणी म्हणतं शिकलेल्या भावानं अडाण्याला फसवलं. दोन्ही खोटं. मला कुणी फसवू शकत नाही. जे केलं ते मी केलं, म्हणून मीच लिहितो.

माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत. वडलांची नजर अधू झाली, होडीवर माणूस कमी पडायला लागला, आणि मी शाळा सोडली. नजर अधू झाली नसती तरी सोडलीच असती. मास्तरांनी मला शेवटी, दाराजवळ बसवलं होतं. मासळीचा वास येतो म्हणून. ज्याला माझ्या वासाचं वावडं त्याच्याकडून मी काय शिकणार? पुढे भावाला मात्र मीच त्या शाळेत घातलं. त्यालाही दाराजवळच बसवलं. पण त्याने ते मनाला लावून घेतलं नाही. दाराजवळ उजेड चांगला येतो, म्हणायचा. आमच्या दोघांत फरक होता तो असा.

चौलच्या खाली, खाडी दर्याला मिळते तिथे आमचा कोळीवाडा. तिथून तो अलिबागला इंग्रजी शाळेत गेला, आणि तिथून मुंबईला. माझगावला आईच्या मामेभावाकडे राहायचा, सकाळी एका शेटजींच्या पोरांना शिकवायचा आणि मग कायद्याच्या कॉलेजात जायचा. आमच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांत कायदा शिकलेला दुसरा कुणी मी ऐकलेला नव्हता. बंदरावर कुणी विचारलं, धाकटा काय करतो, तर मी सरळ उत्तर देत नसे. त्यांनी दोनदा विचारावं असं वाटायचं.

सॉलिसिटर म्हणजे काय, ते त्याने मला एकदा ओट्यावर जाळं सांधता सांधता समजावलं. वकील कोर्टात उभा राहून बोलतो. सॉलिसिटर आपल्या कचेरीत बसतो, अशिलाचं ऐकतो, कागद तयार करतो आणि कुठल्या बॅरिस्टरने काय बोलायचं ते ठरवतो.

“म्हंजे तांडेल,” मी म्हटलं. “वल्ही मारणारे दुसरे.”

“व्हय दादा. पण तांडेल व्हायच्या आधी कुणाच्या तरी होडीवर ऱ्हावं लागतं.”

ती अडचण होती. नुसती परीक्षा देऊन सॉलिसिटर होता येत नाही. आधी एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली काही वर्षं उमेदवारी करावी लागते, आणि नाव असलेल्या पेढ्या उमेदवार घेतात ते वर्षाला एक, फार तर दोन. अर्ज मात्र ढिगाने. तो म्हणायचा, एकदा मुलाखत मिळू दे, समोर बसलो की माझं मी बघून घेईन. पण समोर बसवायला कुणी तयार नव्हतं.

त्याने काय काय केलं ते मी पाहिलेलं आहे. त्याचं अक्षर छापल्यासारखं होतं. प्रत्येक पेढीला निराळं पत्र लिहायचा. वर्तमानपत्रात कुठल्या पेढीने कुठला खटला जिंकला ते बघायचा आणि पत्रात आधी त्याबद्दल दोन ओळी, मग स्वतःबद्दल चार. प्रिन्सिपॉलची शिफारस मिळवली. एका पेढीचे मालक पहाटे चौपाटीवर फिरतात असं कळलं, तर हा महिनाभर पहाटे चौपाटीवर. नमस्कार व्हायला लागला. पुढे एक दिवस बोलायची संधी आली, आणि मालक म्हणाले, सकाळच्या वेळी मी धंद्याचं बोलत नाही. दुसऱ्या पेढीच्या पट्टेवाल्याशी ओळख काढली. त्याच्यासाठी मी घरून चांगले वाळवलेले बोंबील पाठवले होते. पट्टेवाल्याने ते घेतले आणि याला सांगितलं, पुन्हा येशील तेव्हा पिशवी खाली ठेवून ये, वर कागदांना वास लागतो.

उत्तरं यायची ती छापील कार्डं. तूर्त जागा नाही. त्यातली दोन मी पाहिली. खालची सहीसुद्धा छापील होती.

त्याच्याच वर्गात एका बॅरिस्टरचा मुलगा होता, एकदा नापास झालेला. त्याचा मामा एका पेढीच्या मालकाबरोबर जिमखान्यात पत्ते खेळायचा. या पोराने अर्ज केला नाही, पत्र लिहिलं नाही. त्याला जेवायला बोलावलं आणि जेवता जेवता विचारलं, कधीपासून येतोस. भावाने हे मला सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. राग मलाच आला. त्याला राग येत नाही याचाही आला.

शेवटी वाट दाखवली ती एका पेढीतल्या हेडक्लार्कने. हा म्हातारा अलिबागकडचाच, गावाकडचा म्हणून भावाशी दोन शब्द बोलायचा. तो म्हणाला, “पोरा, अर्जावर भेट मिळत नाही. हे लोक गुण बघत नाहीत, अशील बघतात. जो उमेदवार येताना आपल्याबरोबर दावा घेऊन येतो, त्याला साहेब खुर्ची देतात. तुझ्याकडे कुणी अशील आहे का?”

भावाकडे अशील कुठला? त्याच्याकडे मी होतो.

आता खुंटाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची मासेमारी डोल जाळ्याची. समुद्राच्या तळात लाकडी खुंट रोवायचे, त्यांना जाळ्याचं तोंड बांधायचं, आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आत येते. सगळं जागेवर असतं. जागा चांगली तर वर्ष चांगलं. आमच्या जमातीच्या बारा जागा होत्या, आणि सगळ्यांत चांगली खाडीच्या तोंडाची. कुणी कायम धरून बसू नये म्हणून जागा दरवर्षी वाटायच्या. प्रत्येक तांडेलाच्या जाळं तरंगत ठेवणाऱ्या लाकडी बोयावर त्याची खूण कोरलेली असते. नारळी पुनव झाली की प्रत्येकाने आपला एक बोया टोपलीत टाकायचा, आणि वाड्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या विधवेने डोळे मिटून एकेक काढायचा. पहिला निघेल त्याला तोंडाची जागा. त्यावर कुणी बोलायचं नाही.

आदल्या वर्षी पहिला बोया माझा निघाला होता. पण पौषात कौलं भरलेला एक मालवाहू पडाव वाऱ्याने भलतीकडे आला आणि माझे खुंट मोडून गेला. अर्धं वर्ष फुकट गेलं. आमच्यात जुना रिवाज असा की स्वतःची चूक नसताना ज्याचा खुंट मोडेल, त्याला पुढच्या वर्षी तीच जागा, टोपलीशिवाय. वडलांच्या वेळी असं एकदा झालेलं मला ठाऊक होतं. पण यंदा टोपली निघाली आणि पहिला बोया आला माझ्या मेव्हण्याचा.

मेव्हणा माझ्याहून मोठा. त्याचं घर माझ्यापासून चौथं. मी त्याला रिवाज सांगितला.

तो म्हणाला, “तांडेल, वाऱ्यानं मोडला तर दर्याचं देणं. पडावानं मोडला तर पडाववाल्याला धर. माझ्या जाळ्यात काय शोधतंस?”

“भावोजी, पडाव आणला कुणी? वाऱ्यानंच ना.”

“मग वाऱ्याला धर.”

लोक हसले. मी हसलो नाही. जमातीच्या पाटलांकडे गेलो. पाटील म्हणाले, गणपती झाले की जमात बसवू, दोन म्हाताऱ्यांना विचारू, काय तो निकाल एका बैठकीत लागेल. आमच्यात असंच व्हायचं. भांडण मोठं नव्हतं. बहीण त्या दिवसांतही माझ्याकडे कालवण पाठवत होती.

गणपतीला भाऊ घरी आला, त्याने हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी मला किनाऱ्यावर, होडीच्या आडोशाला घेऊन गेला.

“दादा, याचा दावा करूया.”

“कशाचा?”

“खुंटाचा. त्या हेडक्लार्कच्या पेढीत. तू अशील, मी घेऊन येणारा. साहेब मला भेटेल.”

“भावोजीवर दावा? आपली बाय काय म्हणंल?”

“दावा चालवायचा न्हाय. नुसती नोटीस जाईल. साहेबानं मला एकदा समोर बसवलं की माझं काम झालं. मग तू आणि भावोजी जमातीत बसा, तडजोड करा. कुणाचं काय जातंय?”

काय जातं ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. जमात बसायच्या आधी जो सरकारात जाईल, त्याचा बोया टोपलीत पडत नाही, हा आमचा कायदा. तो मी त्याला बोलून दाखवला. तो म्हणाला, जमातीला कळायच्या आत सगळं मिटवू. मी हो म्हटलं. त्याने गळ घातली म्हणून हो म्हटलं, असं नाही. मला त्या कचेरीत जायचं होतं. मला बघायचं होतं, माझ्या भावाला तिथे खुर्ची मिळते ती. आणि मेव्हण्याने चारचौघांत माझं हसं केलं होतं, तेही मनात होतं. खोटं कशाला लिहू.

त्याने नोटिशीचा इंग्रजी कागद लिहून आणला. मी विचारलं, इंग्रजी कशाला, भावोजीला मराठी वाचता येत नाही तर इंग्रजी कुठलं? तो म्हणाला, नक्कल साहेबाला दाखवायची आहे. मी सही केली. आत काय लिहिलंय ते विचारलं नाही. धाकट्या भावाला काय विचारायचं?

कागद त्याने जाताना अलिबागच्या टपालात टाकला. मग आम्ही रेवसला गेलो आणि आगबोट धरली. बोटीवर त्याने मला तीन वाक्यं सांगितली. साहेबाने विचारलं तर एवढंच बोलायचं. खुंटाची जागा आजोबापासून आमच्या घरची. आजोबांमागे वडील, वडलांमागे मी. यंदा दुसऱ्याने बळजबरीने घेतली.

“पण तसं न्हाय,” मी म्हटलं.

“मला ठाऊक हाय. पण रिवाज म्हटलं तर साहेब कागद बाजूला ठेवील. मालकी म्हटली तर दावा होतो.”

“मग तूच बोल की.”

“मी उमेदवार. बोलायचं अशिलानं.”

मी पाण्याकडे तोंड वळवलं. तो त्याला होकार समजला. मला वाटलं, तिथे मला कोण विचारतंय. माझगावला मामांकडे त्याने मला स्वच्छ धोतर दिलं, एक कोट दिला. लाल टोपी काढून काळी घाल म्हणाला. टोपी मी काढली नाही.

पेढी मुंबईच्या कोटात, म्हणजे फोर्टमध्ये होती, दगडी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या बाकावर आम्ही बराच वेळ बसलो. हेडक्लार्क येऊन भावाच्या खांद्यावर हात ठेवून गेला. आत बोलावलं तेव्हा साहेब टेबलामागे शिसपेन्सिलीला टोक करत होते. साहेब म्हणजे गोरा नव्हे, आपल्यातलाच, मराठी बोलणारा. टेबलासमोर एकच खुर्ची होती. साहेब मला म्हणाले, “बसा तांडेल.” मी बसलो. भाऊ माझ्या बाजूला उभा राहिला.

आधी ते दोघं इंग्रजीत बोलले. भाऊ मामांचा कोट घालून उभा होता, बाह्या थोड्या आखूड, पण बोलत होता ते न अडखळता. साहेबांनी त्याच्या कागदाची नक्कल वाचली, एकदा मान हलवली, एकदा हसले. मग मला कळावं म्हणून मराठीत म्हणाले, “तुमचा भाऊ हुशार आहे. हे काम झालं की मी त्यांच्याशी दहा मिनिटं बोलणार आहे.” भावाने माझ्याकडे पाहिलं. वर्षभर जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. मध्ये राहिलो होतो फक्त मी.

“तर तांडेल,” साहेब म्हणाले, “खुंटाची जागा तुमच्याकडे कधीपासून?”

आजोबापासून. तोंडाशी आलं होतं. पण साहेबांनी ज्या तऱ्हेने विचारलं, तसं मला शिकलेल्या माणसाने आजवर विचारलं नव्हतं. जाणत्याला विचारावं तसं. मी म्हटलं, “साहेब, खुंट काय असतो ते तुम्हाला ठाऊक हाय?”

“नाही. सांगा.”

आणि मी सांगितलं. त्यांच्या टेबलावरचे दोन रूळ घेतले, त्या दोन होड्या केल्या. पेन्सिल मध्ये उभी धरली. अमावास्या-पुनवेचं उधाण उतरल्यावर पाणी मंद होतं, त्याला आम्ही भांग म्हणतो, त्या पाण्यातच खुंट बसतो. ओहोटी संपते आणि भरती लागते त्याच्या मधे पाणी थांबतं. तेवढ्या वेळात दोन होड्यांवरच्या माणसांनी खुंट झुलवत झुलवत तळात घालायचा. तळ रेतीचा असेल तर धरत नाही, चिखल असेल तर बसतो. तो चिखल कुठे आहे ते वर पाण्यावरून ओळखता येतं, पण मला येतं, सगळ्यांना येत नाही. साहेब लिहून घेत होते. मध्येच विचारत होते, आणि विचारायचे ते नेमकं. मी टाचण्यांची डबी उपडी करून खाडीचं तोंड दाखवलं. शेजारी माझा भाऊ उभा आहे हे मी विसरलो. हे मी कबूल करतो. किती वेळ विसरलो ते सांगता येणार नाही.

“मग ही तोंडाची जागा यंदा कुणाची?” साहेब म्हणाले.

“ज्याचा बोया निघेल त्याची.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी परत टोपली.”

“मग जागेचा मालक कोण?”

“दर्याला कुठला मालक, साहेब? जमात जागा देते, ती वर्षाची. मालक म्हणवंल त्याला आमच्यात येडा म्हणतात.”

साहेब मोठ्याने हसले. मीही हसलो. मग पेन्सिल खाली ठेवून त्यांनी ती नक्कल उचलली, भावापुढे सरकवली आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. भाऊ एकच वाक्य बोलला. साहेब मराठीत म्हणाले, “तुम्ही आणलेला कागद आणि तुम्ही आणलेला अशील, दोघांची एकमेकांशी ओळख नाही.”

मला ते म्हणाले, “तांडेल, तुमचं म्हणणं खरं आहे, पण ते कोर्टाचं काम नाही. तुमच्या जमातीनेच तोडावं.” चांगलं बोलले. उठून उभे राहिले माझ्यासाठी. भावाने हळूच काही विचारलं, तेव्हा घड्याळाकडे पाहून म्हणाले, “हेडक्लार्कजवळ पत्ता ठेवून जा.”

पत्ता ठेवून जा याचा अर्थ मला बाहेर येईपर्यंत कळला नाही. भावाला लगेच कळला. त्याने पत्ता लिहून दिला. हेडक्लार्कने या खेपेला खांद्यावर हात ठेवला नाही.

भाऊच्या धक्क्यापर्यंत आम्ही चालत आलो. तो दोन पावलं पुढे चालत होता. बोटीची शिडी लावली तेव्हा म्हणाला, “दादा, तीन वाक्यं होती.”

“खोटी होती.”

“व्हय. पण तीनच होती.”

“तुला सॉलिसिटर व्हायचंय का लबाड?”

“मला त्या खुर्चीत बसायचं होतं. तू बसलास. अर्धा तास. मी उभा होतो.”

तो बोटीवर चढला नाही.

मी घरी पोचलो त्याच्या आदल्या दिवशी टपालवाला येऊन गेला होता. मेव्हण्याने अंगठा देऊन कागद घेतला होता. इंग्रजी कोण वाचणार, म्हणून तो मास्तरांकडे नेला. आमचे ते मास्तर नव्हेत, नंतरचे दुसरे. त्यांनी देवळाच्या पारावर बसून वाचून दाखवला, ओळीओळीचा मराठीत अर्थ सांगून. सगळा वाडा जमला होता. खाडीच्या तोंडाची जागा माझ्या आजोबाच्या मालकीची, माझ्या घराण्याच्या वहिवाटीची, आणि मेव्हणा त्यात घुसलेला लुटारू. खाली माझी सही.

संध्याकाळी बहीण आली. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली.

“दादा,” म्हणाली, “दर्या आपल्या आज्याचा व्हता, तर माजं लगीन करून दिलंस तवा वाटणीत का न्हाय दिलास?”

मी तिला आत ये म्हटलं. ती आली नाही. तिच्याकडून कालवण आलं नाही ते त्या दिवसापासून.

जमात बसली. पाटलांनी कागद पुढे ठेवला आणि विचारलं, “ह्यो कुणी लिवला?”

सगळ्यांना ठाऊक होतं. वाड्यात इंग्रजी लिहिणारा एकच. पण जमातीला माझ्या तोंडून पाहिजे होतं. भावाने सांगितलं, भावाने लिहिलं, मी अडाणी, मला काय कळतं, एवढं म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. पाटील मला तशी वाटही करून देत होते. “तुला वाचून दाखवला व्हता का?” त्यांनी विचारलं. दोनदा विचारलं. आणि शिकलेल्या माणसाने जमातीविरुद्ध कागद केला, असं ठरलं असतं तर भावाला वाड्यात पाऊल टाकता आलं नसतं. आईच्या दहाव्यालासुद्धा.

मी म्हटलं, “मी सांगितला. त्यानं नुसता उतरवला. जागा माझ्या आज्याची असं मीच म्हटलं.”

मग मागून आवाज आला, “मग आज्यालाच सांग की जाळं टाकायला.” हसण्याचा गलका झाला. पाटील हसले नाहीत. त्यांना कळत होतं मी खोटं बोलतोय. त्या जमातीत माझ्या वडलांचा शब्द शपथेसारखा धरायचे, माझाही धरायचे. त्या दिवसानंतर धरेनासे झाले.

तीन वर्षं बोया टोपलीत नाही, असा निकाल लागला. निकाल दिल्यावर दोन म्हाताऱ्यांपैकी एकजण, असंच बोलता बोलता, म्हणाला, पडावाने मोडला तरी तो वाऱ्याचाच, याच्या बापाच्या वेळी आपण तसंच धरलं होतं. म्हणजे मी आठ दिवस गप्प बसलो असतो तर जागा माझी होती. मेव्हणा मान खाली घालून उठला. दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, माझ्या होडीवर ये, तांडेल म्हणूनच ये. मी गेलो नाही. तीन वर्षं न्हावा-शेव्याकडे परक्याच्या मचव्यावर खलाशी म्हणून राबलो, माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या तांडेलाच्या हाताखाली. त्याला चिखल कुठला आणि रेती कुठली ते कळत नव्हतं. मी सांगितलं नाही.

भावाला कुठल्याच पेढीने घेतलं नाही. त्या पेढीने त्या साली कुणाला घेतलं ते पुढे कळलं. तोच, पत्त्यांच्या मामाचा भाचा. त्याला कुणी अशील आण म्हटलं नाही, म्हणून त्याच्यावर खोटा कागद लिहायची पाळी आली नाही. साहेबांना खोट्याची चीड होती, असेल. पण खोटं कुणाला बोलावं लागतं आणि कुणाला लागत नाही, ते त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर ठरत होतं. आत बसून त्यांना ते दिसलं नाही.

भाऊ मग साधा वकील झाला आणि हबसाणात गेला, म्हसळ्याला. जंजिऱ्याच्या नवाबाचं राज्य तिथे, संस्थानचं कोर्ट, बांधाचे आणि झाडांचे दावे. पत्र यायचं ते आईच्या नावाने. माझ्याबद्दल शेवटी एक ओळ, दादास नमस्कार. आई गेली तेव्हा आला, तेरा दिवस राहिला, आणि वाड्यात त्याला कुणी काही बोललं नाही. ते का बोलले नाहीत हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

सांगितलं ते आई गेल्यावर चार-पाच वर्षांनी. दिघीपर्यंत होडी घेऊन गेलो होतो, तिथून मोटारीने म्हसळ्याला गेलो. त्याची खोली कोर्टासमोर, खाली दुकान, वर हा. टेबल होतं, टेबलासमोर अशिलासाठी बाक होता. मी बाकावर बसलो. त्याने चहा मागवला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग मी जमातीतलं सगळं सांगितलं. पाटलांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. का सांगितलं? त्याने माझ्याबद्दल चांगलं म्हणावं असं वाटलं असणार. दुसरं काय.

त्याने सगळं ऐकून घेतलं. वकील ऐकतो तसं, मध्ये न बोलता.

“म्हणजे तुला ते बोलता येत होतं,” तो म्हणाला. आता तो शुद्ध बोलायचा. “आजोबापासून आमची. जमातीत बोललास ना?”

“बोललो.”

“मग साहेबापुढे का नाही बोललास?”

मी त्यावर पुष्कळ वर्षं विचार केला होता, म्हणून उत्तर तयार होतं. “जमातीला मी कोण ते ठाऊक होतं. साहेबाला ठाऊक नव्हतं. अनोळखी माणसापुढे पहिल्यांदाच तोंड उघडायचं आणि तेही स्वतःबद्दल खोटं सांगायला, ते मला जमलं नाही. आजही जमणार नाही.”

हे खरं होतं. अजूनही खरं आहे. मी त्यातला एक शब्द बदलणार नाही.

त्याने चहाचा कप बशीवर ठेवला. “दादा,” तो म्हणाला, “तुझं मोठेपण शाबूत राहिलं. साहेबापुढे राहिलं, जमातीत राहिलं. गेलं असं तू म्हणतोस, पण तुझं राहिलंच. माझं काय राहिलं ते तू कधी विचारलं नाहीस.”

मी तेव्हाही विचारलं नाही. दिघीची मोटार सुटायची वेळ झाली होती म्हणून उठलो, असं मी घरी येऊन सांगितलं. मोटारीला अजून तासभर होता.